तिथीची पाऊणपट

दाभोळच्या खाडीकाठच्या आम्हा मुलांना चंद्र आभाळापेक्षा पाण्यात आधी कळायचा. पंचमी-षष्ठीला सकाळी दहाच्या सुमारास नेमकी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी असे. होडी काठाला लागत नसे आणि पलीकडची मुलं चिखल तुडवत उशिरा वर्गात येत. भूगोलाचे सर त्यांच्यावर कधी रागावले नाहीत. एकदा त्यांनी एवढंच विचारलं, "आज दहाला सुकती, हे घरी कोणाला आधी ठाऊक होतं?"

"आजोबांना."

मग आजोबांचं गणित फळ्यावर आलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता; सुकती त्याच्या सुमारे सहा तास आधी. सरांनी त्यामागचं कारण उलगडलं: चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत राहतो, म्हणून त्याला डोक्यावर यायला रोज सुमारे ५० मिनिटं उशीर होतो आणि भरतीही तेवढीच लांबते. पाऊण तास हा तोंडी हिशोबाला सोपा पडतो.

चंद्र एका बाजूला असताना भरती दिवसातून दोनदा का, हे मला पहिल्यांदा त्याच तासाला समजलं. चंद्राची ओढ जवळच्या पाण्यावर सर्वांत जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी; या फरकाने पाणी दोन्हीकडे फुगतं. सूर्य एवढा मोठा, पण लांब असल्यामुळे भरती आणण्यात त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात असते तेव्हा भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती. खरं मोठं पाणी पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी चढतं, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. ते मासेमारी करणाऱ्या खारव्यांच्या मुलांनी सांगितलं आणि सरांनी आम्हा सगळ्यांना वहीत उतरवून घ्यायला लावलं. त्या दिवशी त्या मुलांच्या चेहऱ्यांवर जे तेज होतं, त्यासाठी मी या शाळेचा कायमचा ऋणी आहे.

पुढे कॉलेजात वाचलं की १९६९ साली अपोलो ११ च्या चांद्रवीरांनी ठेवलेल्या परावर्तकावर लेसर सोडून चंद्राचं अंतर मोजतात, आणि तो दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो आहे. कारण पुन्हा भरतीच. तिच्या ओढाताणीत पृथ्वीची गिरकी किंचित मंदावते आणि तिने गमावलेला जोर चंद्राला मिळून तो दूर जातो.

अमृतमहोत्सवानिमित्त शाळेला एक विनंती. धक्क्याच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवून घ्याव्यात आणि सातवीच्या मुलांनी वर्षभर पाण्याची उंची तिथीसह नोंदवावी. रंगाचा आणि वह्यांचा खर्च मी देईन.