हिरोशिमाची ६ ऑगस्टची सकाळ, आईबरोबर

यंदा गणपतीला पुण्यात घरी आलो तर जो तो विचारतोय, "आईला हिरोशिमाला ६ ऑगस्टच्या अणुबॉम्ब स्मृतिदिनाला नेलंस म्हणे, आम्हाला झेपेल का?" झेपेल. फक्त उन्हाची आणि उभं राहण्याची तयारी हवी.

मी नोकरीसाठी जपानात ओकायामाला असतो. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतलंय, ती इथलीच. इथून हिरोशिमा शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासाच्या आत. तरी त्याच दिवशी सकाळी निघायचा मोह टाळा, आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचा. आम्ही हॉटेल जुलैत शोधायला घेतलं आणि गावाबाहेरची एक खोली मिळाली, तीही महाग. आईबाबांना बोलावणार असाल तर व्हिसासाठी तुमचं निमंत्रणपत्र आणि मुक्कामाचा दिवसवार तक्ता लागतो. तेवढं आधी पाठवून ठेवा.

स्टेशनवरून २ किंवा ६ नंबरची ट्राम, उतरायचं 'गेनबाकु डोम-माए'ला, म्हणजे बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या घुमटाच्या इमारतीसमोर. कार्यक्रम ८ ला सुरू होतो, पण तो जिथे होतो त्या शांती स्मारक पार्कात पहाटे ५ ते ९ बंदोबस्त असतो आणि बॅग तपासूनच आत सोडतात. आईच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू निघाले. तपासणाऱ्या मुलीने डबा उघडून पाहिला, हसली, झाकण लावून परत दिला. खुर्ची मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही झाडाखाली घडीच्या स्टुलांवर बसलो. टोपी आणि पाणी घ्याच. छत्री मात्र मागच्यांच्या डोळ्यांसमोर येते. इथला ऑगस्ट पुण्यासारखा रिमझिम नसतो, अंग चिकचिकतं.

सुरुवातीलाच, वर्षभरात गेलेल्या बॉम्बपीडितांची नावं लिहिलेली वही स्मारकाखालच्या दगडी पेटीत ठेवतात. आता एकूण नावं साडेतीन लाखांच्या घरात गेली आहेत. मग पाणी वाहतात. भाजलेली माणसं पाणी-पाणी करत गेली, म्हणून. जपानी न येणाऱ्या आईला हे मात्र मी सांगायच्या आधीच कळलं. "तर्पणच की रे," ती म्हणाली.

८:१५ ला घंटा झाली. १९४५ साली याच वेळेला बॉम्ब पडला होता. एक मिनिट हजारो माणसं गप्प, झाडांवरचे किडे तेवढे कर्रकर्र करत राहिले. मग महापौरांचं शांततेचं घोषणापत्र, आकाशात सोडलेली कबुतरं, सहावीतल्या दोन मुलांची प्रतिज्ञा. पंतप्रधानही बोलले.

९ नंतर स्मारकापुढे फुलं वाहायला लांबलचक रांग लागते. उन्हात त्या रांगेत उभं राहू नका, संध्याकाळी या. आम्ही तसंच केलं आणि वाटेत नदीकाठचा गांधीजींचा अर्धपुतळाही पाहिला. मग स्मारकावरच्या ओळीपाशी उभे राहिलो. पुण्यात जपानी शिकताना आमच्या बाईंनी ही ओळ फळ्यावर लिहून कर्ता शोधायला लावला होता. कुणालाच सापडला नाही, कारण तो वाक्यात नाहीच. इंग्रजीत सांगताना बहुतेकदा 'आम्ही' असं काहीतरी घातलं जातं, आणि चूक नेमकी कुणाची यावरून जपानात वाद झालेत. मराठीला ती अडचण नाही. मी आईला सरळ सांगितलं, "शांत झोपा, ही चूक पुन्हा होणार नाही."

"कुणाची चूक?"

मी म्हटलं, लिहिलेलं नाही.

रात्री डोमजवळ नदीत कागदी दिवे सोडतात. दिवा विकत घेऊन त्यावर काहीही लिहिता येतं, मराठीतही. आईने काय लिहिलं ते तिने मला वाचू दिलं नाही.

पार्कातलं अणुबॉम्बचं संग्रहालय त्या दिवशी नको, गर्दीत काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी वेळ ऑनलाइन राखून जा. आम्ही २०० येन दिले. तीन वर्षांच्या मुलाच्या जळक्या तीनचाकीपाशी आई थांबली ती पुढे येईचना. ज्येष्ठांसोबत जाणार असाल तर यानंतर दुसरं काही ठरवू नका.

काल उद्यानात आईच्या सकाळच्या कट्ट्यावर हाच विषय निघाला. एका काकांनी ती ओळ ऐकून लगेच विचारलं, "म्हणजे चूक कुणाची म्हणतात ते?"

"वाक्यात नाहीये," आई म्हणाली आणि लाडवांचा डबा पुढे केला.