चार मिनिटं दहा सेकंद

टीव्हीवरच्या कुकिंग स्पर्धेतलं घड्याळ खोटं असतं, अशी पुष्कळांची खात्री असते. मी अशा शोवर काम केलंय म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो. आमचं घड्याळ तरी खरं होतं. वेळ संपली की हात वर, मग सॉस भांड्यातच राहिला तरी चालेल. पडद्यावर दिसत नाही ते त्यानंतरचं. प्लेट लगेच परीक्षकांपुढे गेल्यासारखी वाटते, पण मध्ये जवळचे शॉट होतात, दिवे सरकतात, कुणाचा तरी माइक बिघडतो. पहिला घास तोंडात जाईपर्यंत जेवण कोमट असलं तरी नशीब. म्हणून आमचे परीक्षक रांधणं चालू असतानाच ओट्याओट्यावर फिरून चमचाभर चाखून ठेवायचे.

मी किचन टीममध्ये होतो. पॅन्ट्री भरायची, ओटे लावायचे, प्रत्येक शेगडी आदल्या संध्याकाळी चालवून बघायची. साचा ‘टॉप शेफ’नं २००६ पासून रूढ केलेलाच: आधी छोटी फेरी, मग एकाला घरी पाठवणारी मोठी. स्पर्धक सगळे धंद्यातले. हौशी मंडळी आणि हे यांच्यातला फरक मला चिकटपट्टीवरून कळला. डब्यावर नाव-तारीख लिहायची पट्टी हे लोक हातानं फाडत नाहीत, कात्रीनं सरळ कापतात. घड्याळ उलटं धावत असतानासुद्धा.

त्या दिवशी सहाजण उरले होते. एक तास, मासा आणि बटरचा सॉस. चार नंबरच्या ओट्यावर एक अनुभवी शेफ होत्या, स्वतःचं रेस्टॉरंट चालवणाऱ्या. एकोणीस मिनिटं राहिली असताना त्यांचा आवाज आला, अगदी शांत: “पॉवर. चार नंबर.”

शेगडी बंद. मी धावलो, इलेक्ट्रिशियन धावला. पॅनमध्ये मासा कातडी खाली करून ठेवलेला, आणि ती चरचर हळूहळू मरत चाललेली. खालून आच गेली की कातडी कुरकुरीत व्हायची थांबते आणि मासा स्वतःच्याच वाफेत मऊ पडतो. शेजारी बटरचा सॉस. तो साधारण ५८ अंशांच्या वर गेला तर फुटतो आणि फार निवला तर थिजतो. त्याची कड माझ्यादेखत थिजायला लागली. बाई काहीच बोलल्या नाहीत. फडक्यानं ओटा पुसत राहिल्या.

वीज परत आली तेव्हा चार मिनिटं दहा सेकंद गेले होते.

आता करायचं काय? अशा वेळी निर्णय दिग्दर्शकाचा नसतो. सेटवर नियम बघणाऱ्या एक मॅडम असायच्या, मांडीवर फाइल घेऊन. अमेरिकेत १९५०च्या दशकात क्विझ शोमध्ये स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवल्याचं उघड झालं आणि १९६० साली तिथे असली बनवाबनवी कायद्यानं गुन्हा ठरली. त्यामुळे असल्या पदाची मला कधी गंमत वाटली नाही. कुणीतरी म्हणालं, सगळ्यांचंच घड्याळ थांबवू. मॅडम म्हणाल्या, “घड्याळ थांबेल, ओव्हन थांबणार आहेत का?” बरोबर होतं. ठरलं ते असं: बाकीचे वेळेवर हात वर करतील, चार नंबरला तेवढाच वेळ नंतर मिळेल. मी राखीव ठेवलेला त्याच वजनाचा मासा त्यांना दिला.

तास संपला. पाच जणांचे हात वर आणि त्या एकट्या शिजवतायत. एवढी शांतता त्या सेटवर मी पुन्हा कधी ऐकली नाही. फक्त एका पॅनचा आवाज.

आणि दोन नंबरवरचा पोरगा आपल्या प्लेटकडे बघत उभा. त्यानं माशावर लेसिथिनचा, म्हणजे फेस धरून ठेवणारी पूड घालून घुसळलेला, फेस घातला होता, अगदी शेवटच्या क्षणी घालायचा तसा. असला फेस काही मिनिटांचा पाहुणा. बुडबुडा बुडबुडा करत तो बसला आणि शेवटी माशाभोवती पाण्याचं एक वर्तुळ उरलं. “परत घालू का?” त्यानं विचारलं. मॅडमनी नुसती नकारार्थी मान हलवली.

तोच घरी गेला. फेसामुळेच गेला असं मी म्हणणार नाही, त्याचा मासाही किंचित जास्त शिजला होता आणि परीक्षकांनी ते बोलून दाखवलं. एपिसोडमध्ये मात्र वीज गेल्याचं कुठेच नाही. फेस परीक्षकांच्या नाकासमोर बसतो, वर करुण संगीत.

संध्याकाळी मी वायर धरून मागे मागे गेलो. चार नंबरच्या मागच्या रिकाम्या सॉकेटमध्ये प्लेट गरम ठेवायचं कपाट जोडलेलं. जोडलं कुणी? मीच, सकाळी. आदल्या दिवशी परीक्षकांनी प्लेट गार असल्याची तक्रार केली होती. शेगडी साडेतीन हजार वॉटची, म्हणजे पंधरा अँपिअर. कपाट दोन हजारांचं, आणखी जवळपास नऊ. लाइन सोळाची. इतक्या जादा भारानं एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा स्विच, तडकाफडकी पडत नाही, आतून तापत राहतो आणि मग पडतो. आदल्या संध्याकाळी शेगडी तपासली तेव्हा कपाट तिथे नव्हतंच.

मॅडमना सांगितलं. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, मला वाचून दाखवल्या, सही घेतली. निकाल तसाच राहिला.

मग त्या पोराकडे गेलो. तो सुऱ्या एकेक करून पुसत होता आणि कापडात गुंडाळत होता. सगळं सांगितलं. कपाट, सोळा अँपिअर, सगळं. त्यानं शेवटची सुरी गुंडाळली, नाडी बांधली आणि वर बघितलं.

“पण प्लेट गरम होत्या ना?”

“होत्या, शेफ.”

“हां,” म्हणाला, आणि पिशवी खांद्याला लावली.