एका तासाचं पाणी

त्या आठवड्यात शेतीची लाइन, म्हणजे वीज, रात्रीची होती. म्हणून विहीर उपसून तिचं पाणी मोजायची आमची चाचणी पहाटे साडेचारला, टॉर्चच्या उजेडात सुरू झाली. वर्धा जिल्ह्यातला आर्वी तालुका, मे महिना, संत्र्याची बाग आणि ६ मीटर व्यासाची, १२ मीटर खोल विहीर. भूजलशास्त्राच्या उन्हाळी फील्ड कोर्सचा तो सहावा दिवस होता.

आदल्या रात्री बागेचे मालक काकाजी यांनी मोटर लावलीच नव्हती. विहिरीतली पातळी स्थिर व्हावी म्हणून सरांनी तशी विनंती केली होती. आंबिया बहाराची फळं झाडावर असताना मे महिन्यातली ओलिताची एक रात्र सोडून देणं म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

कठड्यावर खडूने खूण केली. तिथून पाणी ९.२० मीटरवर. पाच एचपीची मोटर सुरू झाली. पाइपाच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम ठेवून तो भरायला लागणारा वेळ तीनदा मोजला, सरासरी २५ सेकंद आली. म्हणजे सेकंदाला ८ लिटर, तासाला २८,८०० लिटर. पाइपातून पाणी असं धबधबा पडत होतं की माझा मित्र म्हणाला, ही विहीर जोरदार आहे. मलाही तसंच वाटलं.

साडेपाचला मोटर बंद केली. पाणी १०.१४ वर. तासाभरात ९४ सेंटीमीटर उतरलं होतं.

सरांनी तिथेच बांधावर बसून गणित करायला लावलं. ६ मीटर व्यास, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मीटर. त्याला ०.९४ ने गुणलं की २६,६०० लिटर. एवढं पाणी विहिरीत आधीच साठलेलं होतं, ते आम्ही नुसतं उचललं. उपसलं २८,८०० लिटर. मग तासाभरात खडकातून नवं आलं किती? जेमतेम २,२०० लिटर. ड्रमच्या हिशेबात अकरा ड्रम.

मी आकडे पुन्हा मांडून पाहिले. तेच आले.

उपसताना पाण्याची पातळी किती उतरेल हे सांगणारं थाइसचं १९३५ चं समीकरण आम्ही वर्गात शिकलो होतो. त्यात विहीर इतकी अरुंद धरलेली असते की तिच्या पोटातल्या साठ्याचा विचारच करावा लागत नाही. आपल्याकडच्या रुंद विहिरींना ते तसंच लावलं तर हा साठा खडकाच्या खात्यावर जमा होतो. रुंद विहिरीसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये वेगळी मांडणी केली, तीही आम्ही वाचली होती. पण परीक्षेपुरती. बांधावर बसून ती अकरा ड्रमांची झाली, तेव्हा कुठे मला कळली.

मग दिवसभर पाणी चढताना मोजायचं काम. आधी दर मिनिटाला, मग पाच, दहा, तीस मिनिटांनी, पुढे तासातासाने. पहिल्या तासात १४ सेंटीमीटर चढलं, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात १०. विहिरीतलं पाणी बाहेरच्या पातळीच्या जितकं जवळ येत जातं, तितका झिरा मंदावतो. ऊन असं की टेप हाताला चटके देत होता. काकूंनी ताक आणून दिलं आणि आम्ही विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली बसून राहिलो.

उजेडात विहिरीची भिंत नीट दिसली. वर मुरूम, त्याखाली काळा दगड, मग साडेपाच मीटरच्या आसपास हातभर लाल पट्टा. एका लाव्ह्याच्या थरावर दुसरा येण्याआधी तयार झालेली ती भाजकी माती. तिच्याखाली पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला मांजऱ्या खडक, आणि त्यावरून खाली ओघळलेल्या चुन्याच्या वाळक्या रेघा.

"दिवाळीले तिथून नळासारखं येते," काकाजी म्हणाले. "होळीपर्यंत पुरते. मंग बंद."

आत्ता पाणी येत होतं ते खालच्या काळ्या दगडातल्या भेगांमधून. तेवढंच.

काकाजींनी साडेसात एचपीची मोटर घ्यायचं ठरवलं होतं. पैसे बाजूला काढून ठेवले होते. पाचची मोटर शेवटच्या चार ओळींपर्यंत झाडांची आळी भरत नाही, त्याआधीच विहीर खाली होते, म्हणून. मला ते ऐकून पोटात खड्डा पडला. मोठी मोटर तेच साठलेलं पाणी लवकर उपसणार, खडक तिच्यासाठी भरभर देणार नाही. मी वही उघडून त्यांना अकरा ड्रम दाखवले. ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले.

"म्हणजे इहीर मले आतापर्यंत कालचंच पाणी देत होती?"

"हो काकाजी. कालचं आणि परवाचं."

"आनी खोल केली तर?"

याचं उत्तर सरांनी दिलं. खाली काळा दगड तसाच अखंड असेल तर टाकी मोठी होईल, आवक वाढेलच असं नाही. आधी नाल्याच्या काठावर उघडे पडलेले थर पाहू, मग सांगतो. त्यांनी तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हटलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. गावात पाणाड्या नारळ हातावर ठेवून पाच मिनिटांत जागा सांगून जातो. लोकांना तसंच उत्तर हवं असतं आणि त्यात त्यांची चूक नाही, बाग वाळत असते.

संध्याकाळी साडेपाचला पाणी ९.३३ वर आलं. बारा तास झाले होते आणि अजून १३ सेंटीमीटर बाकी होते. एक तास उपसलेलं पाणी बारा तासांत भरून निघालं नव्हतं.

बागेत २०० झाडं. मी पुन्हा भागाकार केला: एका तासाचं पाणी झाडामागे १४४ लिटर. ठिबकने दिलं तर तेवढ्यात सगळी झाडं निघतात. ठिबकच्या नळ्या होत्याही, पण गोठ्याच्या छपरावर गुंडाळून टाकलेल्या, चुन्याने बुजलेल्या. त्या आम्लाने कशा धुवायच्या ते सरांनी समजावून सांगितलं. काकाजींनी दोनदा विचारून घेतलं.

रात्री दहाला लाइन आली. काकाजी स्टार्टरपाशी जाऊन थांबले.

"पोरी, घड्याळ तूच पाह्य. एक तास झाला का सांग."

अकराला मी सांगितलं. त्यांनी मोटर बंद केली. शेवटच्या चार ओळी कोरड्याच राहिल्या होत्या. फावडं खांद्यावर घेऊन ते तिकडे गेले, पाटाचं तोंड मातीने बुजवलं आणि परत येताना म्हणाले, "उद्या तिकडून सुरू करतो."