गिलावा

शनिवार, रात्री उशिरा

अण्णांनी जुन्या गोव्याचे फोटो पाहिले आणि एवढंच विचारलं, "गिलावा कधी पडला ह्याचा?"

छान नाही, वाईट नाही. चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला, बॉम जीझस बॅसिलिका या जुन्या चर्चची भिंत बोटांनी मोठी करून बघितली, आणि पुन्हा बातम्या. पडला नाही, काढला, असं मी सांगितलं. 1950च्या दशकात, पोर्तुगीजांच्याच राजवटीत. बाल्ताझार कास्त्रो नावाच्या वास्तुविशारदाने आतला दगड दिसावा, इमारत आणखी जुनी वाटावी म्हणून काढवला. अण्णांनी मान न वळवता म्हटलं, "जांभा, आणि उघडा?"

तेव्हापासून डोक्यात तेच.

आता अण्णांना जांभा, म्हणजे कोकण-गोव्यातला हा तांबडा दगड, शिकवायला मी कोण. आयुष्य चिऱ्यांच्या खाणीवर गेलं त्यांचं. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवा लागली की घट्ट होतो, पण सच्छिद्र तो सच्छिद्रच. पावसाळाभर पाणी पीत राहतो. म्हणून तर चुन्याचा गिलावा. कोकणात काय, गोव्यात काय, पाऊस एकच. हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि तरी त्या भिंतीसमोर उभी राहिले तेव्हा यातलं काहीही आठवलं नाही. ऊन उतरायला लागलं होतं आणि भिंत आतून तापल्यासारखी दिसत होती. दर्शनी भागावरचं कोरीवकाम वसईहून आणलेल्या काळ्या दगडातलं, ते त्या लालीवर असं काही उठून दिसतं की मी बाकीच्यांना चहाला पाठवून दिलं. तेही निमूट गेले. हल्ली निमूटच जातात.

1605 साली ही बॅसिलिका पूर्ण झाली. म्हणजे तीनशे-साडेतीनशे वर्षं तिच्या अंगावर गिलावा होता. ज्या लाल रंगासाठी मी एवढा आटापिटा केला, तो अण्णांपेक्षा वयाने लहान आहे! गोव्यात अधूनमधून मागणी होते की पुन्हा गिलावा करा, नाहीतर दगड झिजून जाईल. त्यावर दुसरी बाजू म्हणते की लोक हिला लालच ओळखतात, पांढरी केली तर कोण ओळखणार. हे वाचताना मी मनातल्या मनात चटकन दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. मग स्वतःचाच राग आला. म्हणजे भिंत झिजली तरी चालेल, माझा फोटो लाल यायला हवा.

रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल मात्र चुन्यात, पांढरंशुभ्र. 1562 साली काम सुरू झालं, बांधकाम 1619 पर्यंत चाललं. तिथे मी काय टिपलं? डावीकडचा बुरूज, आणि उजवीकडची मोकळी जागा. दुसरा बुरूज 1776 मध्ये पडला आणि परत कोणी बांधला नाही. मी मुद्दाम फ्रेम अशी घेतली की रिकामं आभाळ जास्त येईल. उरलेल्या बुरुजातल्या मोठ्या घंटेला सोन्याची घंटा म्हणतात, तिचा एकही फोटो नाही माझ्याकडे. आत उंच सोनेरी वेदी आहे, तिचा एक, तोही हललेला.

सगळा फोल्डर पुन्हा चाळला. सेंट ऑगस्टीनच्या मठाचा मनोरा. 1835 मध्ये मठ ओस पडला, 1842 मध्ये छत कोसळलं, 1931 मध्ये मनोऱ्याचा पुढचा भाग गेला. उरलेला तुकडा 46 मीटर उंच. त्याचे फोटो सर्वांत जास्त, प्रत्येक बाजूने. आदिलशाही वाड्याची चौकट, जिच्यामागे वाडाच नाही. धड उभी असलेली, रोज मिस्सा होणारी, माणसांनी भरलेली चर्चं तिथे हाकेच्या अंतरावर आहेत. मी त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे गेले.

मला पडकंच आवडतं का?

गावच्या घराचेही मी फोटो काढत बसले होते मागच्या वेळी, पडवीच्या पोपडे आलेल्या भिंतीचे. दादा कागदपत्रांबद्दल बोलत होता आणि मी खिडकीतून येणारा उजेड बघत होते. वहिनी म्हणाली होती, "फोटो पुरे, छपराचं काय ते ठरवा." जाऊ दे, तो विषय आज नको.

मघाशी तर रडायलाच आलं होतं. वाटलं, आपण माणसांकडेही असंच बघतो की काय. बरी आहेत तोवर लक्ष नाही, आणि काही ढासळलं की हातात कॅमेरा. पण रात्री अकरा वाजता जेवणानंतर असले विचार येतात ते थोडे पोटातूनही येतात. सोलकढी घेतली, बरं वाटलं.

आणि खरं सांगायचं तर पडझड आवडणारी मी एकटी नाही. प्लेगाने, तापाने ते शहर रिकामं झालं, 1843 मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली, इथले दगडसुद्धा तिकडच्या बांधकामांना नेले. उरलं त्याला 1986 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि आम्ही सगळे माना वर करून गर्दी करतो. हल्ली तर कोकणातली रिसॉर्टं नवीकोरी जांभ्याची भिंत मुद्दाम गिलाव्याशिवाय ठेवतात आणि तिच्यासमोर झोपाळा टांगतात. अण्णांना ती दाखवायला नेलं पाहिजे एकदा. बिल मी भरेन, शेरे फुकट मिळतील.

जूनमध्ये परत जाईन म्हणते, पावसात. ओली भिंत काय म्हणते ते बघायचंय. जांभा भिजला की रंग आणखी गडद होतो (हे पुन्हा तेच झालं, कळतंय मला). से कॅथेड्रलच्या घंटेचा एक तरी धड फोटो काढायचा, असं वहीत लिहून ठेवलंय.

प्रिंटसाठी फाइल पाठवली आत्ताच. लाल भिंतीचीच. बारा बाय अठरा, मॅट. ग्लॉसीवर तो रंग फार भडक येतो.