१४ तास, एक दार आणि माझा डावा गुडघा

आधी निकाल सांगून टाकतो, रडगाणं नंतर. आपत्कालीन दाराजवळची खिडकीची सीट जादा पैसे मोजून घेऊ नका. फुकट मिळाली तरी आधी दाराकडे बघा आणि मगच हो म्हणा.

परवाच परत आलोय. झोपेचं घड्याळ अजून ताळ्यावर नाही, त्यामुळे लिहिण्यात चिडचिड उतरली तर चालवून घ्या. गळ्याची उशी, कानातले बोळे, जाड मोजे हे सगळं तुमच्याकडे असेलच, त्यावर वेळ घालवत नाही.

जाताना १४ तासांचं उड्डाण होतं. एका ओळीत दहा माणसं, म्हणजे ३-४-३. सीट निवडताना नकाशावर दाराजवळची ओळ वेगळ्या रंगात चमकत होती आणि खाली लिहिलं होतं, 'पायांसाठी भरपूर जागा'. मी सहा फुटी माणूस. भुललो. पैसे भरले आणि आठवडाभर खूश होतो.

विमानात जाऊन बसलो आणि डावा पाय पसरायला गेलो तर गुडघा टणकन आपटला. मोठ्या विमानांच्या दाराला आतल्या बाजूने एक फुगीर डबा असतो. आपत्कालीन घसरगुंडी त्यात दुमडून ठेवलेली असते. तो नेमका खिडकीच्या सीटवाल्याच्या पायांच्या जागेत घुसतो. उजवा पाय लांब, डावा पोटाशी, अशा अवस्थेत मी खंड ओलांडला. समोरच्या घडीच्या खुर्चीवर बसलेली हवाईसुंदरी माझ्याकडे बघून म्हणाली, "रोज कुणीतरी हेच विचारतं." मी अजून काही विचारलंही नव्हतं.

पुढचं ऐका. समोर सीट नाही, म्हणून ट्रे आणि स्क्रीन दोन्ही हातांच्या दांड्यात कोंबलेले. त्यामुळे दांडा वर उचलत नाही आणि सीट आणखी चिंचोळी वाटते. दहाच्या ओळीत सीटची रुंदी मुळातच १७ इंचांच्या आसपास. ट्रे उघडला की थेट मांड्यांवर टेकतो. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बॅग पायाशी ठेवता येत नाही, वर टाकावी लागते, आणि तोवर वरचे कप्पे भरलेले असतात. माझी बॅग सहा ओळी मागे गेली. औषध, चार्जर, चष्मा, सगळं तिच्यात.

आणि थंडी! बाहेर उणे ५० च्या घरात तापमान, आणि दाराजवळ ते पायांना कळतं. दोन ब्लँकेटं मागून घेतली, एक नुसतं पायांना गुंडाळलं.

तरीही हे सगळं सोसलं असतं. पण शौचालयाची रांग? ती लागते नेमकी त्याच मोकळ्या जागेत. मी पैसे देऊन घेतलेली जागा म्हणजे सार्वजनिक चौक झाला. एक गृहस्थ दर तासाला यायचे, माझ्याकडे पाठ करायचे आणि कमरेत वाकून व्यायाम करायचे. डोळा लागला की कुणाचा तरी बूट माझ्या पसरलेल्या उजव्या पायावर. एकूण झोप ४० मिनिटं.

त्यानंतरचं तीन तासांचं जोडउड्डाण छान झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

परतीलाही दाराजवळचीच सीट घेऊन ठेवली होती (एकाच वेळी दोन्हीकडचा मूर्खपणा केला होता). पण आदल्या दिवशी विमान बदललं. सीटचा आकडा तोच राहिला, दार मात्र भलतीकडे गेलं. हे ध्यानात ठेवा: तुम्ही पैसे आकड्याचे भरता, आणि विमान बदललं की त्या आकड्याचा अर्थ बदलतो. चेक-इन सुरू झालं की नकाशा पुन्हा उघडून बघाच. कुणाकुणासाठी अडवून ठेवलेल्या सीटा बऱ्याचदा तेव्हाच मोकळ्या होतात.

मला तेव्हा शेपटीकडची सीट सापडली, आणि काय सांगू! बोइंग ७७७ मागे निमुळतं होत जातं, म्हणून बऱ्याच ७७७ मध्ये शेवटच्या काही ओळींत खिडकीकडे तीनऐवजी दोनच सीटा असतात. भिंत आणि सीट यांच्यामध्ये वीतभर फट राहते. मी तिथे उशी खोचली, खांदा टेकवला आणि सलग सहा तास झोपलो. एक पैसा जादा न देता. हवा खराब असली की शेपटी जास्त हलते हे खरं, पोट नाजूक असेल तर पंखांच्या आसपासची ओळ घ्या. पण अगदी शेवटची ओळ नको. सीटची पाठ नीट मागे जात नाही आणि फ्लशचा आवाज रात्रभर कानात. दाराच्या ओळीच्या पुढच्या ओळीचंही पाठीच्या बाबतीत बऱ्याचदा तेच.

दोघं असाल तर २-४-२ मांडणीचं विमान शोधा: एअरबस ए३३०, किंवा ए३८० चा वरचा मजला. मधे तिसरा कुणी नाही, आणि सीट साधारण १८ इंच. तो एक इंच दहाव्या तासाला कळतो. ए३५० मध्ये नेहमीची मांडणी ३-३-३, तरी रुंदी ठीक. बोइंग ७८७ ची फार स्तुती ऐकली असेल. तिची हवा खरंच बरी, केबिनमधला दाब सुमारे ६,००० फुटांवरच्या हवेइतका ठेवतात, जुन्या विमानांत ती ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असू शकते. पण ती आठच्या ओळीसाठी आखलेली होती आणि जवळपास सगळ्यांनी नऊ कोंबल्या. शिवाय खिडकीला झडप नाही, बटण आहे, आणि काच गडद ठेवायची की नाही हे कर्मचारी ठरवू शकतात.

एकटे असाल आणि सारखं उठावं लागत असेल तर मधल्या गटातली कडेची सीट. हिशोब सोपा आहे. खिडकीच्या तिघांत कडेला बसलात तर दोन माणसं तुम्हाला ओलांडून जाणार. मधल्या चौघांत कडेला बसलात तर एकच, कारण पलीकडचा पलीकडून उतरतो. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

भिंतीसमोरची पहिली ओळ? तिथे बाळांचे पाळणे लावतात. बाळांविषयी माझं काही म्हणणं नाही. घेऊ नका.

विमान बदलल्यामुळे परतीच्या सीटचे पैसे मिळाले, पण मागितल्यावर. पावती आणि बोर्डिंग पास दोन्हींचे फोटो काढून ठेवा, त्याशिवाय कुणी ऐकून घेत नाही. जातानाच्या सीटचेही मागून पाहिले. काल उत्तर आलं: सीट वर्णनाप्रमाणेच होती, तिच्यासमोर दुसरी सीट नव्हती. खरंय म्हणा. सीट नव्हतीच. डबा होता.