हरभऱ्यावरचा पतंग आणि सहा वर्षांची चिठ्ठी

काल रात्री सूक्ष्मदर्शकापासून उठलो तेव्हा दोन वाजले होते. पेटीतल्या एका फिकुटलेल्या नर पतंगाचं नाव अखेर पक्कं झालं: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, म्हणजे घाटेअळीचा पतंग. सहा वर्षं त्याच्या चिठ्ठीवर माझ्या हाताने लिहिलेलं होतं, 'हेलिओथिस?'

पूर्वी घाटेअळीचा पतंग आणि त्याचे जवळचे भाऊबंद सगळे हेलिओथिस याच प्रजातीत होते. १९६५ साली कीटकशास्त्रज्ञ हार्डविकने हेलिकोव्हर्पा ही प्रजाती वेगळी काढली. (प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. बातम्यांत हे सर्रास उलटं छापतात आणि मला ते दर वेळी खटकतं.)

नॉक्टुइडी कुलातल्या पतंगांच्या पुढच्या पंखावर सहसा एक गोल आणि एक मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका असतो. आर्मिजेराच्या मागच्या पंखाला शिवाय काळपट रुंद किनार. पण हेलिओथिस पेल्टिजेराही जवळपास असाच दिसतो. त्याच्या पुढच्या पंखाच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटा काळा ठिपका असतो, आणि माझ्या नमुन्याचा नेमका तोच कोपरा फाटलेला!

मग पोट काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवलं, खवले बारीक कुंचल्याने झाडले आणि जननांग मोकळं केलं. आतली पारदर्शक नळी, वेसिका, हळूहळू उलगडत गेली. मळसूत्रासारखे वेढे! हेलिकोव्हर्पाच. ते वेढे मोजताना मी श्वास रोखून धरला होता.

जातीचा निकाल मात्र जुन्या चिठ्ठीनेच दिला. 'अळी हरभऱ्यावर, घरी वाढवली.' हेलिकोव्हर्पा असल्टाची अळी मिरची-तंबाखूच्या कुलावर जगते, हरभऱ्यावर नाही. अळी कशावर सापडली हे न लिहिता नमुने टाचणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: निदान तेवढं लिहा.

ब्राझीलमध्ये २०१३ साली आर्मिजेरा आढळल्याचं जाहीर झालं, तेव्हा तिथे आधीपासून असलेल्या हेलिकोव्हर्पा झिया या जातीपासून तो पंखांवरून ओळखणं अशक्य होतं. वेसिकाच्या बुडाशी आर्मिजेराला एक फुगवटा, झियाला तीन. पुढे तिथे दोघांचे संकरही जनुकांच्या तपासणीत सापडले.

पेटीत याच्याच शेजारी आणखी एक आहे. त्याचं पोट किड्यांनी खाल्लंय, चिठ्ठीवर नुसती तारीख. काल त्यावर लिहिलं: 'हेलिओथिस किंवा हेलिकोव्हर्पा, अनिश्चित.' या वेळी प्रश्नचिन्ह घातलं नाही.