अलास्काचा वेडर, आंजर्ल्याची खाडी

माझा भाचा अलास्कात असतो. येत्या सप्टेंबरात ऑफिसातल्या मित्रांबरोबर मूसच्या शिकारीला निघालाय. मूस म्हणजे हरिणकुळातलं सगळ्यात मोठं जनावर, दलदलीत राहणारं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार फक्त म्हाताऱ्यांच्या गप्पांत उरली, तिकडे रीतसर परवाना मिळतो. तर स्वतःसाठी वेडर बघता बघता त्याने मला फोन केला. "मामा, तुलापण एक आणू काय? नाहीतरी तू कायम खाडीतच असतोस."

वेडर म्हणजे छातीपर्यंत किंवा कंबरेपर्यंत येणारी, पाणी आत न घेणारी विजार. मी दापोलीजवळच्या आंजर्ल्याच्या खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातो, जिताडा आणि तांबोशीच्या मागे, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. पण तिकडचा शहाणपणा इकडे जसाच्या तसा चालेल का, हे बघावं लागलं.

त्याच्यासाठी उत्तर सरळ आहे. निओप्रीनचा, म्हणजे जाड फुगीर रबराचा वेडर ऊबदार असतो, पण घाम बाहेर सोडत नाही. एका जागी बदकांची वाट बघत बसणाऱ्याला तो ठीक. मूसचं मांस पाठीवर घेऊन चिखलातून चालणारा माणूस आतून घामाने भिजणार, आणि थांबला की तोच घाम गार पडणार. म्हणून त्याने वाफ बाहेर सोडणारा, 'ब्रीदेबल' वेडर घ्यावा आणि आत लोकरीचे कपडे घालावेत, कारण त्या पातळ कापडाला स्वतःची ऊब नसते.

आता आमचं. या ब्रीदेबल कापडात एक बारीक पापुद्रा असतो. अमेरिकन संशोधक बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्याने ताणून जो बनवला, त्यातलाच प्रकार. त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. पण वाफ जाते कुठे? जिथे वाफ कमी तिथे. विजारीच्या आत ३४ अंशाची दमट हवा असेल, तर एका घनमीटरला ३७ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. अलास्कात ८ अंशाला, भर पावसातही, बाहेरच्या हवेत जेमतेम ८ ग्रॅम. आमच्याकडे जुलैत २८ अंश आणि नव्वद टक्के दमटपणा धरला तर बाहेरच २४. म्हणजे वाफेला बाहेर ढकलणारा जोर निम्म्याहून कमी. त्यात वरचं कापड पावसाने चिंब झालं की श्वास आणखी कोंडतो. जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही. पावसाळ्यात इथे सगळ्यात ब्रीदेबल वस्तू म्हणजे इरलं, आणि खाली हाफपँट. पाणीच एवढं कोमट असतं की भिजण्याने बिघडत काही नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारीची गोष्ट वेगळी. पहाटे उत्तरेचा वारा सुटतो, हवा कोरडी होते, आणि ओली पँट घालून खाडीत उभं राहिलं की दात वाजतात. तेव्हा हा वेडर खरंच कामाचा. म्हणजे मला हवा तो थंडीसाठी, हे एकदा ठरलं आणि बाकीचे प्रश्न सोपे झाले.

छातीपर्यंतचा नको, कंबरेपर्यंतचाच. उधाणाच्या भरतीला पाणी कमरेवर येईल इतक्या आत मी जातच नाही, जाऊही नये. वेडरमध्ये पाणी शिरलं की माणूस खाली ओढला जातो असं लोक समजतात. तसं होत नाही, पाण्यात पाण्याचं ओझं वाटत नाही. अडचण होते बाहेर येताना, ते सगळं पाणी पायांत घेऊन काठ चढायचा तेव्हा. म्हणून पट्टा घट्ट हवा, आत शिरणारं पाणी तो बरंच अडवतो.

पायांचा विचार मी सगळ्यात जास्त केला. गमबूट चिकटवलेला वेडर आमच्या चिखलात निरुपयोगी: पाय वर येतो, बूट खालीच रुततो, आणि मधल्या मधे तुम्ही आडवे. त्यापेक्षा खाली निओप्रीनचा मोजा असलेला बरा, वरून घट्ट नाडीचा बूट. तळवा रबराचा. पूर्वी नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड तंतूंच्या कापडाचे तळवे लोकप्रिय होते, पण ओल्या नमद्यातून एका नदीतले जीव दुसरीत जातात, म्हणून अलास्कात २०१२ पासून गोड्या पाण्यातल्या हौशी मासेमारीला त्यांच्यावर बंदी आहे.

तिवरांची श्वसनमुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात, आणि खडकांवरच्या कालवांच्या कडा कापड फाडतात. तेव्हा गुडघ्याखाली दुहेरी जाड कापड पाहिजेच, वजन वाढलं तरी चालेल. पाकट माशाच्या शेपटीतल्या काट्यापुढे मात्र कुठलाच वेडर टिकत नाही. त्याला उपाय जुनाच, पाय उचलून टाकायचा नाही, तळाशी घासत पुढे न्यायचा, की पाकट स्वतःहून सरकतं.

आणि भोक पडलं तर? विजार उलटी करून आतून रबिंग अल्कोहोल फवारायचं, गळती असेल तिथे काळा ठिपका उमटतो. मग गोंद. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घातली की इथे बुरशी आलीच.

भाच्याला सांगून टाकलं: कंबरेपर्यंतचा, मोज्याचा, पट्ट्यासकट. बूट नको, ते मी दापोलीत पायात घालून बघूनच घेईन. बायकोने वेडर वाळवायला पडवीतली एक दोरी द्यायचं कबूल केलंय, पापड-कुरडया वाळायच्या दिवसांत सोडून.